दुर्बीण नसती, तर सूर्य मध्यभागी आहे हे कळलं असतं का?

काजवा

पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि सूर्याभोवतीही फिरते, हे आपल्याला इतक्या लहानपणी सांगून टाकलेलं असतं की त्यावर शंका घ्यायची संधीच मिळत नाही. पण कुणी सांगितलंच नसतं तर? रोज दिसतं ते बरोबर उलटं. पायाखालची जमीन ढिम्म हलत नाही आणि सूर्य, चंद्र, तारे मात्र पूर्वेकडून पश्चिमेकडे चाललेले.

अलीकडे रात्री आकाश बघायचा नाद लागलाय, त्यातून हा प्रश्न पडला. दुर्बीण आकाशाकडे वळली १६०९ च्या सुमारास. कोपर्निकसचं पुस्तक त्याआधीचं, १५४३ चं. म्हणजे सूर्याला मध्यभागी बसवणाऱ्या माणसाने दुर्बीण पाहिलेलीच नव्हती. मग त्याला आकाशात असं काय दिसलं? आणि तेच आकाश बघून आधीच्या हजार-दीड हजार वर्षांतल्या हुशार लोकांना ते का पटलं नाही?

अट एकच: दुर्बीण, उपग्रह, मोबाईलवरचं अ‍ॅप यांचे पुरावे चालणार नाहीत. नुसते डोळे.

रातकिडा

झकास धागा. आधी काय काय दिसतं त्याची यादी करू, अर्थ नंतर लावू.

मोजपट्टी हातातच असते. हात पूर्ण लांब केला की करंगळीची रुंदी साधारण १ अंश, मूठ १० अंश, ताणलेला पंजा २० च्या आसपास. सूर्य आणि चंद्र दोघेही अर्ध्या अंशाचे, म्हणजे करंगळीआड दोन चंद्र लपतील. (चंद्र उगवताना केवढा थोरला दिसतो! करंगळी लावून बघा, तेवढाच असतो. सूर्यावर मात्र हा प्रयोग करू नका.)

आता हालचाली. सगळं आकाश तासाला १५ अंश पश्चिमेकडे सरकतं. पण तारे रोज ४ मिनिटं लवकर उगवतात, महिन्याला २ तास. त्यामुळे संध्याकाळी डोक्यावर असलेलं मृग नक्षत्र काही महिन्यांनी पश्चिमेला बुडालेलं असतं. चंद्र ताऱ्यांच्या मानाने रोज सुमारे १३ अंश पूर्वेकडे मागे पडतो, म्हणजे तासाला स्वतःच्या रुंदीएवढा. रोहिणीजवळ किंवा ज्येष्ठाजवळ चंद्र असेल त्या रात्री तासाभराच्या अंतराने दोनदा बघा, फरक सरळ डोळ्यांना कळतो. २७ नक्षत्रं का, तर ताऱ्यांमधून एक फेरी पुरी करायला चंद्राला सव्वासत्तावीस दिवसांहून थोडं जास्त लागतं. रोजचा एक मुक्काम.

आणि मग ते पाच उनाड: बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी. हे सहसा लुकलुकत नाहीत आणि सूर्य-चंद्राच्या वाटेवरच, म्हणजे क्रांतिवृत्ताच्या आसपासच सापडतात. सप्तर्षीत किंवा शर्मिष्ठेत ग्रह दिसला असं कुणी म्हणालं तर ते विमान असतं. सगळ्या भानगडीचं मूळ हे पाच. ते नसते तर पृथ्वी मध्यभागी ठेवून सगळं सुखात चाललं असतं.

तिरकस

जुन्या लोकांना पृथ्वी सपाट वाटायची हो. त्यांच्याकडून सूर्यकेंद्रित वगैरेची अपेक्षा कशाला?

मितभाषिणी

तिरकस, हे पुन्हा पुन्हा ऐकू येतं म्हणून लिहिते. ॲरिस्टॉटलने इ. स. पू. चौथ्या शतकात पृथ्वी गोल असल्याची कारणं दिली आहेत आणि ती दोन्ही नुसत्या डोळ्यांची आहेत. चंद्रग्रहणात पृथ्वीच्या सावलीची कड दर वेळी गोलच दिसते, ग्रहण संध्याकाळी लागो की पहाटे. ताटलीसारखी पृथ्वी असती तर कधीतरी लंबगोल सावली पडली असती. दुसरं, उत्तर-दक्षिण प्रवास केला की तारे बदलतात. उत्तरेकडे जावं तसा ध्रुव वर चढतो आणि अगस्त्य क्षितिजाखाली जातो.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी एराटोस्थेनिसने परीघच काढला. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी इजिप्तमधल्या सायीनला सूर्य भर माध्यान्ही बरोबर डोक्यावर, त्याच वेळी अलेक्झांड्रियात तो ७.२ अंश कललेला. ७.२ म्हणजे ३६० चा पन्नासावा भाग, तेव्हा परीघ त्या दोन गावांमधल्या अंतराच्या ५० पट.

शिकल्यासवरलेल्या लोकांना पृथ्वी गोल आहे हे माहीत होतं. ती हलते की नाही, हा वेगळा वाद.

आकडेमोड

चंद्रग्रहणाचा विषय निघालाच आहे तर माझी आवडती गंमत सांगतो. सावली बघून चंद्र केवढा आणि किती लांब, हे घड्याळ घेऊन घरबसल्या काढता येतं.

२७ जुलै २०१८ चं खग्रास चंद्रग्रहण घ्या. चंद्र सावलीत शिरायला लागल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत सुमारे ६६ मिनिटं गेली. म्हणजे स्वतःच्या रुंदीएवढं सरकायला त्याला ६६ मिनिटं लागतात. नंतर खग्रास स्थिती टिकली १०३ मिनिटं. चंद्राची पुढची कड सावलीत शिरली तिथपासून तीच कड पलीकडे बाहेर पडेपर्यंत ६६ + १०३ = १६९ मिनिटं. चंद्र त्या दिवशी सावलीच्या जवळजवळ मधून गेला होता, म्हणून सावलीची रुंदी १६९ ÷ ६६, म्हणजे सुमारे २.५६ चंद्र.

पण सावली म्हणजे पृथ्वी नव्हे, कारण सूर्य मोठा असल्याने सावली निमुळती होत जाते. किती? ते खग्रास सूर्यग्रहण सांगतं. चंद्राची सावली पृथ्वीपर्यंत येता येता जवळपास टोकाला येते, म्हणजे तेवढ्या अंतरात ती एका चंद्राच्या रुंदीने आटते. तेवढ्याच अंतरात पृथ्वीची सावलीही तेवढीच आटणार. तेव्हा पृथ्वी = २.५६ + १ = ३.५६ चंद्र. आजचा आकडा ३.६७. घड्याळ आणि बेरीज, बस्स.

पुढे अंतर. अर्ध्या अंशाची वस्तू स्वतःच्या रुंदीच्या साधारण ११० पट लांब असते (१ सेंटिमीटरची गोळी ११० सेंटिमीटरवर धरली की चंद्र जेमतेम झाकतो). ११० ÷ ३.५६ म्हणजे पृथ्वीचे सुमारे ३१ व्यास, अर्थात ६२ त्रिज्या. खरं सरासरी अंतर ६० त्रिज्यांच्या आसपास आहे.

ही वाट सामोसच्या ॲरिस्टार्कसने इ. स. पू. तिसऱ्या शतकात घालून दिली. त्याने सावली २ चंद्रांएवढी धरली होती, पुढे हिप्पार्कस या ग्रीक खगोलज्ञाने ती अडीच केली.

शेवटचा_बाक

आकडेमोड, डोकं गरगरलं पण मजा आली. हा ॲरिस्टार्कस म्हणजे तोच ना, ज्याने सूर्य मध्यभागी ठेवला होता? मग कोपर्निकसपर्यंत थांबायची गरज काय होती? त्याचं कुणी ऐकलं का नाही?

आकडेमोड

तोच. त्याचं त्याबद्दलचं लिखाण उरलेलं नाही, आर्किमिडीजने उल्लेख केलाय म्हणून आपल्याला कळतं. त्याचं उरलेलं पुस्तक अंतरांबद्दलचं आहे. त्यात तो म्हणतो की चंद्र बरोबर अर्धा दिसतो तेव्हा चंद्र-सूर्य यांच्यातला कोन ८७ अंश असतो, त्यावरून सूर्य चंद्राच्या १८ ते २० पट लांब. खरा कोन ८९ अंश ५१ कला (६० कला म्हणजे १ अंश) आहे आणि सूर्य जवळपास ३९० पट लांब. चंद्र नेमका कोणत्या क्षणी अर्धा झाला हे डोळ्यांनी ठरवणं महाकठीण, आणि इथे अंशाच्या चुकीने उत्तर कुठल्या कुठे जातं. तरीही सूर्य पृथ्वीपेक्षा कितीतरी मोठा आहे एवढं त्याच्या हाती लागलंच. एवढ्या मोठ्याने लहानाभोवती का फिरावं, असा विचार बहुधा तिथूनच सुरू झाला असावा.

ऐकलं का नाही, याला उत्तम कारण आहे. पृथ्वी एवढ्या मोठ्या वर्तुळात फिरत असेल तर सहा महिन्यांच्या अंतराने तारे एकमेकांच्या मानाने थोडे तरी सरकलेले दिसले पाहिजेत. यालाच पॅरॅलॅक्स म्हणतात. तो कुणालाच दिसला नाही. मग दोनच शक्यता: एक तर पृथ्वी जागच्या जागी आहे, किंवा तारे कल्पनेपलीकडे लांब आहेत. तुम्ही त्या काळी असतात तर काय निवडलं असतंत?

आपला डोळा साधारण १ कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखतो. ताऱ्याचा पॅरॅलॅक्स पहिल्यांदा नीट मोजून जाहीर झाला १८३८ मध्ये, बेसेलने, हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा. तो ०.३ विकलांच्या (६० विकला म्हणजे १ कला) आसपास निघाला. म्हणजे डोळ्याच्या क्षमतेपेक्षा २०० पट बारीक. विरोध करणाऱ्यांचा तर्क चोख होता, विश्व त्यांच्या अंदाजापेक्षा अवाढव्य निघालं एवढंच.

जुनं_ते_सोनं

चर्चा नेहमीप्रमाणे ग्रीस ते युरोप. आर्यभटाने हे सगळं ४९९ मध्येच सांगून ठेवलं होतं. पृथ्वी फिरते हे त्याने स्पष्ट लिहिलंय.

मितभाषिणी

आर्यभट यायलाच हवा होता, आणलात ते बरं झालं. पण त्याच्या नावावर नेमकं काय जमा करायचं ते बघू, कारण जे आहे तेच भरपूर आहे.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे त्याने लिहिलंय. नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, हा दाखला त्याचाच. एका महायुगात, म्हणजे ४३,२०,००० वर्षांत, पृथ्वीच्या किती फेऱ्या होतात तेही दिलंय: १,५८,२२,३७,५००. युगाच्या दिवसांनी भागाकार केला तर एक फेरी २३ तास ५६ मिनिटं ४.१ सेकंदांची येते. आजचा आकडा सेकंदापर्यंत हाच. वर रातकिडा यांनी लिहिलेली रोजची ४ मिनिटं ती हीच.

पण सूर्याभोवती पृथ्वी फिरते असं त्याने म्हटलेलं नाही. त्याच्या गणितात पृथ्वी केंद्रस्थानीच आहे. आणि स्वतःभोवती फिरण्याची कल्पनासुद्धा इथल्याच मोठ्या लोकांनी नाकारली. वराहमिहिराचा आक्षेप असा की तसं असतं तर घरट्यातून उडालेले पक्षी परत घरट्यात पोचलेच नसते. ब्रह्मगुप्तानेही टीका केली. हे आक्षेप हास्यास्पद नाहीत. जमिनीबरोबर हवा, पक्षी आणि आपणही त्याच वेगाने जात असतो, हे समजायला गतीचे नियम यावे लागले.

खरी चमत्कारिक गोष्ट वेगळीच आहे. आपल्या जुन्या गणितात बुध आणि शुक्र यांना शीघ्रोच्च म्हणून एक फिरता बिंदू दिलेला असतो. आर्यभटाच्या महायुगात बुधाच्या शीघ्रोच्चाच्या फेऱ्या आहेत १,७९,३७,०२० आणि शुक्राच्या ७०,२२,३८८. भागाकार करा: ८७.९७ दिवस आणि २२४.७ दिवस. हे तर बुध-शुक्राचे सूर्याभोवतीचे काळ! आणि मंगळ, गुरू, शनी यांचं शीघ्रोच्च कोण? खुद्द मध्यम सूर्य (सरासरी वेगाने चालणारा मानलेला सूर्य). पाचही ग्रहांच्या गणितात सूर्य कुठल्या ना कुठल्या दाराने आत आलाच आहे.

तिरकस

मितभाषिणी हे नाव कुणी ठेवलं म्हणे?

रातकिडा

आता मितभाषिणींनी जिथे आणून सोडलंय तिथून पुढे, कारण काजवा यांच्या प्रश्नाचं उत्तर त्याच दारात आहे.

मंगळ काही महिने सलग बघा. एरवी तो ताऱ्यांमधून पूर्वेकडे सरकत असतो. मग मंदावतो, थबकतो, दोन ते पावणेतीन महिने उलटा पश्चिमेकडे जातो (वक्री), पुन्हा थबकतो आणि सरळ चालायला लागतो (मार्गी). कागदावर जागा मांडत गेलात तर फास किंवा इंग्रजी झेडसारखं वळण मिळतं. हे दर २६ महिन्यांनी होतं. टॉलेमीने इ. स. १५० च्या सुमारास याचा हिशेब मोठ्या वर्तुळावर फिरणारं छोटं वर्तुळ घेऊन बसवला, आणि तो हिशेब चांगला चालायचा. चौदाशे वर्षं उगाच कुणी वापरत नाही.

पण बघताना एक गोष्ट खटकते. मंगळ वाटेल तेव्हा वक्री होत नाही. सूर्याच्या बरोबर समोर येतो, म्हणजे सूर्य मावळताना पूर्वेला उगवतो, तेव्हाच तो उलट्या चालीच्या मध्यावर असतो आणि तेव्हाच सर्वांत तेजस्वी असतो. एरवी साध्या ताऱ्यांत हरवून जाणारा हा ग्रह त्या दिवसांत व्याधालाही मागे टाकू शकतो. गुरूचंही तेच, शनीचंही तेच. पृथ्वी मध्यभागी असेल तर मंगळाला सूर्य कुठे आहे याच्याशी काय देणंघेणं? टॉलेमीच्या मांडणीत ते छोटं वर्तुळ सूर्याच्या तालावर फिरतं, पण का, याला उत्तर नाही. तसं आहे, एवढंच.

सूर्य मध्यभागी ठेवला की कोडं उरतच नाही. आतल्या धावपट्टीवरचा धावणारा बाहेरच्याला मागे टाकतो तेव्हा बाहेरचा क्षणभर मागे जाताना दिसतो. आपण मंगळाला गाठून पुढे जातो तेव्हा तो आपल्या सर्वांत जवळ असतो आणि सूर्य आपल्या पाठीशी. उलटी चाल, तेज आणि समोरासमोर येणं, तिन्ही एकदमच होणार.

बुध-शुक्र सूर्याला सोडून का जात नाहीत, तेही तसंच. ते आतल्या बाजूला आहेत, म्हणून.

आकडेमोड

आणि यातून अंतरं फुकटात मिळतात! शुक्र संध्याकाळी सूर्यापासून जास्तीत जास्त सुमारे ४६-४७ अंशांवर जातो, साडेचार मुठी. त्या क्षणी पृथ्वी-शुक्र-सूर्य काटकोन होतो. ४६.५ अंशांची ज्या (साइन) येते ०.७२५. खरं उत्तर: पृथ्वीच्या अंतराच्या ०.७२३ पट. कंपासपेटीतला कोनमापक पुरतो. बुध १८ ते २८ अंशांत कुठेही थांबतो, त्याची कक्षा चांगलीच लंबवर्तुळाकार आहे हे तिथेच दिसतं.

पृथ्वीकेंद्रित मांडणीत ग्रहांची अंतरं नुसत्या कोनांतून निघतच नाहीत. कोण जवळ, कोण लांब हे वेगावरून ठरवलेलं असायचं: चंद्र सर्वांत चपळ म्हणून जवळ, शनी सर्वांत मंद (फेरीला साडेएकोणतीस वर्षं) म्हणून लांब. वारांचा क्रमही त्यातूनच आला. शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, चंद्र अशी रांग लावा, प्रत्येक तास एकेकाला द्या, २४ तासांनी तीन घरं पुढे सरकता. शनीनंतर सूर्य, सूर्यानंतर चंद्र, चंद्रानंतर मंगळ. कॅलेंडर म्हणजे पृथ्वीकेंद्रित विश्वाचा नकाशाच!

शेवटचा_बाक

म्हणजे उत्तर "हो" असं समजायचं? डोळ्यांनी कळलं असतं?

मितभाषिणी

सिद्ध झालं असतं असं मात्र मी म्हणणार नाही. कारण एक तिसरी मांडणी आहे: पाचही ग्रह सूर्याभोवती, आणि सूर्य तो सगळा लवाजमा घेऊन पृथ्वीभोवती. केरळात नीलकंठ सोमयाजीने १५०० च्या आसपास याच्या फार जवळची मांडणी केली, युरोपात ट्यको ब्राहेने १५८८ मध्ये. ग्रह आपल्याला कुठे दिसतील याचं उत्तर या मांडणीत आणि सूर्यकेंद्रित मांडणीत तंतोतंत सारखंच येतं. रातकिडा यांची वक्री चाल, आकडेमोड यांचा ०.७२५, सगळं दोन्हीत बसतं. डोळे इथपर्यंत नेतात: ग्रहांचा धनी सूर्य आहे. पृथ्वीही त्यांच्यातलीच एक आहे का, हे त्यांना ठरवता येत नाही.

ट्यको तर आजवरचा बहुधा सर्वांत तयार डोळा. दुर्बीण नाही, तरी त्याची मोजमापं १-२ कलांपर्यंत अचूक. त्याला पॅरॅलॅक्स दिसला नाही म्हणून त्याने पृथ्वी थांबवली. पुराव्याशी प्रामाणिक राहिला, झालं. आणि त्याच्याच नोंदींवर केपलरने मंगळाची कक्षा बसवायला घेतली तेव्हा वर्तुळात ८ कलांचा फरक राहिला. ८ कला म्हणजे चंद्राच्या रुंदीचा चतुर्थांश. दुसऱ्या कुणाच्या नोंदी असत्या तर हा फरक चुकीत जिरला असता, पण ट्यको एवढा चुकणार नाही हे केपलरला ठाऊक होतं. १६०९ मध्ये त्याने लंबवर्तुळ जाहीर केलं. (कोपर्निकस वर्तुळं सोडायला तयार नव्हता, त्यामुळे त्याच्याकडेही छोट्या वर्तुळांची गर्दी होतीच.)

पृथ्वी खरोखर सरकते याचा पहिला थेट पुरावा १७२९ चा, ब्रॅडलीने ताऱ्यांच्या दिशेत पकडलेला फरक. ती दुर्बिणीची गोष्ट, म्हणून धाग्याच्या अटीनुसार थांबते.

तिरकस

एक शंका, सरळ आहे. टॉलेमीचं चुकलं असेल तर डोळ्यांनी कधीच पकडलं गेलं नाही?

आकडेमोड

एका ठिकाणी तर धडधडीत. त्याच्या चंद्राच्या गणितात अर्धा चंद्र पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा खूपच जवळ येतो, म्हणजे जवळजवळ दुप्पट मोठा दिसायला हवा. असा चंद्र कुणी पाहिलाय? चौदाव्या शतकात दमास्कसच्या इब्न अल-शातिरने ते दुरुस्त केलं. टॉलेमीला चंद्राचं स्थान अचूक हवं होतं, आकाराकडे त्याने काणाडोळा केला.

काजवा

सगळ्यांचे आभार, धागा अपेक्षेपेक्षा फारच वर गेला. आता मला स्वतःला ती वक्री चाल बघायची आहे. कधी आणि कुठे?

रातकिडा

१९ फेब्रुवारी २०२७ ला मंगळाची प्रतियुती (सूर्याच्या बरोबर समोर येणं) आहे, सिंह राशीत, मघा ताऱ्याच्या जवळ. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास तो उलटा फिरेल, एप्रिलच्या सुरुवातीला सरळ होईल. डिसेंबरपासूनच आठवड्यातून एकदा बघायला लागा. सिंहाचे ठळक तारे कागदावर आधीच काढून ठेवा आणि मघापासून मंगळ किती बोटं, कोणत्या बाजूला, एवढंच टिपत जा.

त्या वेळी गुरूही मघापासून फार लांब नसेल आणि त्याचीही प्रतियुती फेब्रुवारीतच आहे. तेव्हा एकाच कागदावर दोन फास काढायला मिळतील. मंगळाचा मोठा, १९-२० अंशांचा, गुरूचा त्याच्या निम्म्याच्या आसपास. कोण जवळ आणि कोण लांब, ते आकडेमोड यांना विचारायची गरज पडणार नाही.

शेवटचा_बाक

आणि नेमके ढग आले तर?

रातकिडा

पुढची २५ मार्च २०२९, कन्या राशीत. तोपर्यंत शुक्रावर हात साफ करा.